रविवारी जास्त रिस्टार्ट होणारा पीसी

गेल्या उन्हाळ्यात विश्रामबागेतल्या एक काकू पीसी घेऊन माझ्या दुकानात आल्या. रिक्षावाल्याने सीपीयू काउंटरवर ठेवला आणि काकूंनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. त्या मराठीच्या निवृत्त शिक्षिका. अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून घरच्या घरी रेकॉर्ड करतात. चार महिने झाले, पीसी मधेच आपोआप रिस्टार्ट होत होता. एका ठिकाणी दोनदा फॉरमॅट मारून झाला होता, नवीन रॅमही घालून झाली होती. "कधी कधी पडला ते सगळं लिहून ठेवलंय बघ," त्या म्हणाल्या. मी "नंतर बघतो काकू" म्हणालो आणि सीपीयू उघडला.

रॅमच्या पट्ट्या खोडरबराने पुसल्या, धूळ ब्लोअरने उडवली, प्रोसेसरची पेस्ट बदलली. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावला. चार पास झाले, एकही एरर नाही. प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकून दोन तास ठेवला, तापमान 70 अंशांच्या वर गेलं नाही. दोन दिवस पीसी माझ्यासमोर अखंड चालला. मी तो परत दिला. तिसऱ्या दिवशी फोन आला. "अरे, पुन्हा पडला. चाळीस मिनिटांचा धडा होता." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आवाज नुसता थकलेला होता.

दुकानात चालतो आणि घरी गेला की पडतो, यासारखी अवघड केस आमच्या धंद्यात नाही. दुकानात स्टॅबिलायझर, स्वच्छ जोडणी, आजूबाजूला जड मशीन नाही. घरी काय आहे ते घरीच जाऊन बघावं लागतं. रविवारी सकाळी मल्टिमीटर आणि एक नवा एसएमपीएस, म्हणजे सीपीयूच्या आतला वीज पुरवणारा डबा, पिशवीत टाकून मी त्यांच्याकडे गेलो.

आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडला. कर्नल-पॉवर 41 च्या नोंदी रांगेने लागल्या होत्या. मशीन नीट बंद न होता गेलं, एवढंच ती नोंद सांगते. कारण सांगत नाही. पण तपशिलात बगचेक कोड, म्हणजे विंडोज कोसळल्याच्या कारणाचा आकडा, 0 होता आणि कोसळताना विंडोज ज्यात फाईल ठेवतं ते मिनीडंपचं फोल्डर रिकामं होतं. रॅम किंवा ड्रायव्हर बिघडला तर बहुतेक वेळा निळी स्क्रीन येते, मागे काहीतरी कोड राहतो. इथे विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळत नव्हता. म्हणजे खालून करंटच तुटत होता. पण यूपीएस होता, त्याची बॅटरीही वर्षभरापूर्वीच बदललेली होती.

मग मी ती वही मागून घेतली. पट्टीने रेघा मारून तीन रकाने केले होते: वार, वेळ, काय चालू होतं. अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल. 19 नोंदी, त्यातल्या 11 रविवारच्या, बऱ्याचशा सकाळी दहा ते बाराच्या मधल्या. शेवटच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे एकच वाक्य होतं, 'फाईल एमपी3 करायला टाकली होती.' वाचताना पडल्याच्या नोंदी फक्त दोन.

"काकू, रविवारी इथे वेगळं काय असतं?"

"काही नाही रे. सगळी बिल्डिंग कपडे धुते, टाकी लवकर संपते. एवढंच."

मी एक मोठी फाईल एमपी3 करायला टाकली आणि बसून राहिलो. चहा झाला. साडेदहाच्या सुमारास खाली घुर्रर्र करत सोसायटीची मोटर लागली. टाकीतल्या फ्लोटवर चालणारी ऑटोमॅटिक मोटर. ट्यूबलाईट क्षणभर मिणमिणली, यूपीएसमधला रिले टक् वाजला, आणि सीपीयू रिस्टार्ट झाला. मॉनिटर मात्र चालूच होता, 'नो सिग्नल' दाखवत. दोन्ही एकाच यूपीएसवर होते. तो चालू राहिलेला मॉनिटर बघितला आणि माझ्या डोक्यात सगळं जुळलं: यूपीएस करंट देत होता, कमी पडत होता तो सीपीयूमधला एसएमपीएस.

मोटर सुरू होताना नेहमीच्या पाचसहा पट करंट ओढते, तेवढ्यापुरतं व्होल्टेज खाली बसतं. ते बसलं की घरगुती यूपीएस बॅटरीवर जातो. त्या अदलाबदलीला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो; चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर 16-17 मिलिसेकंद तग धरतो. हा धरत नव्हता. नुसतं वाचन चालू असताना मशीन कमी ओढतं, म्हणून उरलेला साठा बहुधा पुरायचा. एमपी3 करताना प्रोसेसर जोरात चालतो आणि साठा आधीच संपतो. मोटर लागणं आणि फाईल चालू असणं, दोन्ही एका वेळी आलं की पीसी पडायचा. म्हणून तो कधीही, कसाही पडतोय असं वाटायचं.

खात्री करायला पुन्हा फाईल टाकली आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून ओढला. लगेच रिस्टार्ट. नवा एसएमपीएस जोडला आणि तेच दहा वेळा केलं. मशीन हललं नाही. तरी मी उठलो नाही. मोटर पुन्हा लागेपर्यंत पाऊण तास थांबलो. टक् झालं, आणि फाईल चालत राहिली.

जुना एसएमपीएस दुकानात आणून, डिस्चार्ज करून उघडला. बंद केल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकं व्होल्टेज राहू शकतं, त्यामुळे हे कुणी घरी करू नये. दोन्ही कपॅसिटर वरून सपाट, कुठे फुगलेले नाहीत, गळती नाही. अंगावर साठ्याची क्षमता छापलेली, 470 मायक्रोफॅरड. मीटरवर एक 118 आला, दुसरा 96. नुसतं डोळ्यांनी बघून मी ते चांगले म्हणून सोडले असते.

पहिल्या भेटीची मजुरी मी काकूंना परत केली. त्या घेत नव्हत्या. ती वही मी त्याच दिवशी उघडली असती, तर तो चाळीस मिनिटांचा धडा वाचला असता.

पुढच्या रविवारी अकराला त्यांचा फोन आला. मागे मोटरची घरघर ऐकू येत होती. "लागली बघ मोटर. फाईलची पट्टी पुढे जातेय अजून." आम्ही दोघं फोन न ठेवता थांबलो. मग त्या म्हणाल्या, "झाली फाईल."