मावशीच्या बोडीवरचा मरळ

मागच्या जुलैत चार दिवस मावशीकडे गेले होते, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोंदिया जिल्हा. नवेगावबांधचा तलाव पाहिला, इटियाडोह धरण पाहिलं, भर पावसात दोन्हीकडे भिजले, पावसाळ्यात जंगल सफारी बंद असते त्यामुळे नीलगायसुद्धा दिसली नाही. एवढं सांगितलं की ते संपलं. मला लिहायचंय ते वेगळंच आहे, मावशीच्या शेतातल्या बोडीवर मी एक मरळ मासा पकडला त्याबद्दल. वर्ष होत आलं तरी ते डोक्यातून जात नाही.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. नागपूरहून गणेशपेठेतून साकोलीकडे जाणारी एसटी, बायकांना अर्धं तिकीट त्यामुळे पैशाचं काही वाटत नाही, पण मध्ये जिथे गाडी बदलावी लागते त्या स्टँडवर अडीच तास बसले. चौकशीच्या खिडकीत माणूस नाही, छत गळतंय, आणि बाथरूमबद्दल तर मी लिहितच नाही. बाईमाणसाने एकटीने फिरावं असं सगळे म्हणतात, मग स्टँडवर एक धड बाथरूम द्या ना. त्यात एका आजीने आपल्या थैलीतला मुरमुरा-फुटाणा माझ्या ओंजळीत ओतला, कुठली कोणाची काही न विचारता. या भागात हे नेहमी होतं, सरकारी सोय नसते आणि माणसं ती भरून काढत बसतात.

आता बोडी म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगते. हा भंडारा-गोंदियाचा पट्टा तलावांचा. कोहळी लोकांनी कित्येक पिढ्यांपूर्वी बांधलेले मोठे तलाव, ते मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या ताब्यात होते, 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले, म्हणून त्यांना माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव म्हणतात. आणि शेतकऱ्याची स्वतःची, धानाला पाणी द्यायला बांधीच्या म्हणजे धानाच्या शेताच्या वरच्या अंगाला केलेली छोटी तळी ती बोडी. मावसाजींनी पहिल्याच संध्याकाळी मला बजावलं, "गावच्या तलावात गरी टाकू नको हो बाई, तो संस्थेचा आहे." गरी म्हणजे गळ, आणि संस्था म्हणजे ढिवरांची मच्छीमार संस्था, ते लोक ठेका भरतात, दरवर्षी रोहू-कतला-मृगलचं बीज म्हणजे बारकी पिल्लं विकत आणून सोडतात, कारण या मासोळ्या तलावाच्या उभ्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. आता जे बीज मिळतं ते माशांना इंजेक्शन देऊन तयार करतात, आपल्या देशात 1957 साली हे जमलं. म्हणजे त्या तलावात मी हौस म्हणून एक रोहू जरी काढला तरी तो कोणाच्या तरी खिशातला. मला हे पटलं. पिकनिकला येऊन कुठल्याही तलावाच्या पारीवर गरी लावून बसणारे लोक मी पाहिलेत, त्यांना हे कोणी सांगत नाही आणि सांगितलं तर ते भांडतात.

बोडीत मात्र कोणी बीज सोडलेलं नसतं. तिथे जे असतं ते पावसाच्या पाण्यासोबत आपापलं चढून आलेलं. मरळ तर ओल्या गवतातून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो, कारण त्याला कल्ल्यांच्या जोडीला हवाही घेता येते, नव्हे घ्यावीच लागते, वर येऊ दिलं नाही तर पाण्यातच गुदमरून मरतो. बाजारात म्हणून तो टपात जिवंत विकतात. काटे कमी, आजारातून उठलेल्याला मुद्दाम खाऊ घालतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस उघडला. रोवणी म्हणजे धानाची लावणी जोरात होती, मावशी आणि मावसाजी बांधीत, मी गरी घेऊन बोडीवर. सोबत शेजारचा एक मुलगा, असेल नववी-दहावीत. दोन तास काही नाही, गांडूळ लावलं की बारक्या मासोळ्या कुरतडून नेणार. मी कंटाळून उठायला आले तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, थे पाय, लाल लाल."

बोडीच्या त्या कोपऱ्यात, बेशरमाच्या झुडपाजवळ, परातीएवढा पाण्याचा तुकडा लाल झाला होता. आधी वाटलं शेवाळ आहे. मग तो हलला. शेकडो पिल्लं, बोटाच्या पेरापेक्षा लहान, तांबडी-केशरी, सगळी एकदम वर येऊन तोंडं उघडत होती आणि परत खाली जात होती, पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. इतकं सुंदर मी आमच्याकडच्या पाण्यात आधी कधी पाहिलं नव्हतं. फोन काढायचंही सुचलं नाही.

मुलगा हळूच म्हणाला, "मरळाची पिल्लं हायेत. त्याच्या खालतं असते तो. बेंडूक लाव अन् पिल्लाइच्या मधात सोड, घेतेच तो, सोडतच नाही."

बेडकी त्यानेच पकडून दिली, गरीला त्यानेच लावली. सोडली मीच. पिल्लांच्या बरोबर मधोमध. बेडकी पाण्याला टेकली, पिल्लं फाकली, आणि खालून असा धक्का आला की बांबूची कांडी माझ्या हातातून सुटता सुटता राहिली. पाच मिनिटं ओढाताण, माझे पाय चिखलात पोटरीपर्यंत, मुलगा ओरडतोय "ढील दे, ढील दे", आणि शेवटी तो काठावर गवतात आला, काळा, सापासारख्या डोक्याचा, दीड किलोला कमी नसेल. मी आनंदाने ओरडले. खोटं कशाला सांगू, आयुष्यात एवढा मोठा मासा मी कधी धरला नव्हता आणि त्या क्षणी मला दुसरं काहीच दिसत नव्हतं. शेजारच्या बांधीतल्या बायाही रोवणं थांबवून पाहत होत्या.

संध्याकाळी मावशीने तो कापला. कापता कापता विचारलं, "कोठी भेटला?"

मी सगळं सांगितलं, अगदी हात करकरून.

"पिल्लं होती?"

"हो ना, लाल लाल, एवढी!"

मावशी "हं" म्हणाली आणि मिरच्या वाटायला बसली. रस्सा झणझणीत झाला होता, मी तीन वेळा भात घेतला. मावशीने पोट भरलंय म्हणून वरण-भातावर भागवलं. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासोबत खेकडे धरायला गेले. धुऱ्यावर म्हणजे बांधावर, बांधीच्या पाण्याच्या वर दोन बोटं, खेकड्याची बिळं असतात. मावशी कोपरापर्यंत हात घालते आणि नांगी बरोबर अशी धरते की खेकड्याला काही करता येत नाही. मला जमलं नाही, मी पिशवी धरून उभी. प्रत्येक खेकडा ती उलटा करून बघत होती. पोटाखालचा पडदा निमुळता असला की नर, तो पिशवीत. पडदा रुंद असला की मादी, मग अंगठ्याने तो पडदा थोडा उचलून पाहायचा. चौथा की पाचवा खेकडा तिने माझ्यापुढे धरला. पडद्याखाली मोहरीएवढे खेकडे खचाखच भरलेले, डोळे-पायांसकट पूर्ण, वळवळत होते. समुद्रातले खेकडे अंडी पाण्यात फुटू देतात, या गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं तसं नसतं, पिल्लं पूर्ण होईपर्यंत आई पोटाशी घेऊन फिरते. मावशीने पडदा सोडला, आणि ती मादी जिथून काढली त्याच बिळाच्या तोंडाशी ठेवली, फेकली नाही, ठेवली. ती आत जाईपर्यंत थांबली.

"लेकुरवाळी आहे," एवढंच.

मग मला विचारावंच लागलं. "मावशी, काल मरळ..."

"तो राखनेवर होता," ती म्हणाली. "नर-मादी दोघंही राखतात. भूक लागली म्हनून नाही घेत तो बेंडूक. पिल्लाइत काहीही पडलं की धावून येते. म्हनून त्याले धरनं सोपं." मग थोड्या वेळाने, "तुले कोन सांगनार होतं? मीच सांगाले पाह्यजे होतं."

एवढी वर्षं गरी टाकते आहे मी, वर्धेच्या धाम नदीवर बाबांनी शिकवली, आणि माझी समजूत अशी की मासा भुकेने फसतो, त्यात त्याचा-आपला हिशोब सरळ असतो. काल तो खायला आलाच नव्हता. हे कळल्यावर मला त्या धुऱ्यावर उभं राहवेना.

खेकड्याचा रस्सा झाला दुपारी, पाय कुटून, गाळून. मावशीने आग्रह केला, मी खाल्लाही, चांगला होता. संध्याकाळी तिने ताकाच्या मडक्यामागून एक जुना शिंपला काढून दाखवला, मध्ये घासून भोक पाडलेला, कैरी सोलायचा. तिच्या सासूचा. उन्हाळ्यात तलाव आटत आला की बाया पायाने चिखल चाचपून शिंपले काढायच्या. त्या शिंपल्याचं पिल्लूही सुरुवातीचे दिवस माशाच्या कल्ल्याला चिकटूनच काढतं, हे मी तिला सांगितलं, कुठेतरी वाचलेलं. ती म्हणाली, "म्हंजे मासोळी गेली की शिंपलाही गेला," आणि शिंपला परत मडक्यामागे ठेवला.

शेवटच्या दिवशी माझी बस अकराची होती. सात वाजताच बोडीवर गेले. पिल्लं होती, पण कोपरा सोडून मधल्या पाण्यात आली होती, परवा एक परात होती तिथे आता तीन-चार लहान ठिपके, एकमेकांपासून लांब. बेशरमावर धीवर पक्षी म्हणजे खंड्या बसलेला, तो सूर मारायचा, परत त्याच फांदीवर. मी दगड मारून त्याला तीनदा उडवला. तिन्ही वेळा तो आला. ठिपक्यांखाली कुठे काळं काही हलतं का ते मी पाहत होते, पाऊस सुरू झाला आणि पाणी दिसेनासं झालं.

तेवढ्यात तो मुलगा आला, हातात कांडी आणि डब्यात बेडक्या.

मी म्हणाले, "इथे नको टाकू रे. एक उरला असेल, त्याला राहू दे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "तुमीच तं मारला ना ताई परवा."

मी हो म्हणाले. पुढे काही बोलता आलं नाही मला. तो थोडा वेळ थांबला, मग डबा उचलून धुऱ्याधुऱ्याने पलीकडच्या नाल्याकडे गेला. मी साडेनऊपर्यंत तिथेच छत्री घेऊन उभी होते, धीवर आला की उडवत.