आमची वाटचाल : उधारीवर शिवलेल्या सोळा जर्सी

वडिलांचं कोल्हापूरच्या शाहूपुरीत शिलाईचं दुकान होतं. शाळेचे गणवेश हा मुख्य धंदा. मे-जूनमध्ये जेवायला उसंत नसायची आणि दिवाळीनंतर मशीनवर धूळ. 1998 चा फुटबॉल वर्ल्ड कप संपला, त्याच पावसाळ्यात गल्लीतली पोरं दुकानात आली. "काका, टीम काढलीया. सोळा जर्सी पायजेत. पैसं बक्षीस मिळाल्यावर देतो." वडिलांनी हसत हसत वहीत नाव लिहिलं. पहिल्याच सामन्यात टीमनं पाच गोल खाल्ले. पण आमच्या आजच्या कारखान्याची पहिली ऑर्डर तीच.

त्या जर्सी सुती कापडाच्या होत्या. इचलकरंजी तासाभराच्या आत, त्यामुळे कापडाला तोटा नव्हता. पण लूमवरचं कापड ताणत नाही, हे आम्हाला मैदानानं शिकवलं. पोरगं हेडरला उडालं की काखेत टर्रकन उसवायचं. मग लुधियानाचं ताणणारं होजिअरी कापड आणलं. नंबर आधी रेक्झिन कापून शिवायचो, नंतर स्क्रीन प्रिंटिंग आलं आणि आता सब्लिमेशन. कागदावर उलटं डिझाईन छापायचं, साधारण 200 अंशांवर तापलेल्या प्रेसखाली पॉलिस्टरवर दाबायचं, शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. रंग सोलून निघत नाही. सुती कापडावर मात्र हे जमत नाही. तरी "कॉटनवरच मारून द्या" म्हणणारा महिन्याला एक भेटतोच.

बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं, की कोल्हापुरात फुटबॉल तालमीतून वाढला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या सगळ्या तालमी. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, वरिष्ठ गटात 16 संघ असतात आणि सामने शाहू स्टेडियमवर, जिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. मोठ्या सामन्याला अख्खी पेठ तिथं लोटते. अशा गावात जर्सी शिवणाऱ्याला तोंड फार सांभाळावं लागतं. हंगामाच्या तोंडावर एका पेठेचा माणूस येऊन सहज विचारल्यासारखं करतो, "त्यांचं यंदाचं डिझाईन काय हाय?" आम्ही चहा मागवतो. विरोधी संघांचे गठ्ठे एका रॅकवर ठेवायचे नाहीत, हा वडिलांचा नियम मी अजून पाळतो.

आमच्या गल्लीचा संघ या यादीत नाही. तो खालच्या गटात खेळतो, कधी वर सरकतो, कधी पुन्हा खाली येतो. एकदा तर चूक आमचीच झाली. दोन जर्सींवर 10 नंबर पडला आणि रेफ्रींनी सामन्याआधी पोराला बाजूला काढलं. मी धावत जाऊन शून्याच्या मधोमध काळी चिकटपट्टी मारली. 10 चा 18 झाला. त्या पोरानं त्या दिवशी गोल केला आणि पुढची तीन वर्षं हट्टानं 18 नंबरच घेतला.

2019 च्या ऑगस्टमध्ये जयंती नाल्याचं पाणी दुकानात शिरलं. हीट प्रेस जमिनीवर होता, चार माणसांनाही हलत नव्हता. मी फोन केला नव्हता. कमरेएवढ्या पाण्यातून टीमची नऊ पोरं आपली आपण आली आणि प्रेस उचलून वरच्या मजल्यावर नेला. कापड भिजलं, मशीन वाचलं. 2021 ला पुन्हा पूर आला तेव्हा प्रेस वरच होता. मधल्या कोरोनात मैदानं बंद, म्हणून मास्क शिवले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पगार निघाले इतकंच.

धंद्याचं वळण खरं तर त्याआधीच बदललं होतं. ऑक्टोबर 2017 मध्ये 17 वर्षांखालील वर्ल्ड कप भारतात झाला आणि भारताच्या संघातून आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. त्यानंतर दहा-दहा वर्षांच्या पोरांना घेऊन आया दुकानात यायला लागल्या. तोवर आमच्याकडे 34 साइजच्या खालचा साचाच नव्हता. 24, 26, 28 चे साचे नव्यानं कापले. गल्लीच्या संघानंही सकाळची लहान मुलांची बॅच सुरू केली. बारा वर्षांखालच्या पोरांना पाच नंबरचा बॉल जड जातो, म्हणून चार नंबरचे बॉल घेतले, ते आमच्या खर्चानं. खेळाडूंची ऑनलाइन नोंदणी आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर होते. निम्मा वेळ जन्मदाखल्यावरच्या आणि आधारवरच्या नावाचा मेळ घालण्यात जातो.

आता संघाला वरिष्ठ गटात जायचंय. मोठे संघ परदेशी खेळाडू आणतात. आणावेत, खेळ बघायला मजा येते. पण आमच्यासारख्यानं ते सोंग करू नये, असं माझं मत. मीटिंगमध्ये यावरून भांडणं होतात. आधी सकाळच्या बॅचमधली पोरं तयार होऊ देत, चार-सहा वर्षं लागली तर लागली. बॅचमध्ये सहा मुलीही आहेत. त्यांच्यासाठी शॉर्टची लांबी वाढवून नवा साचा केलाय आणि मुलींचा स्वतंत्र संघ उतरवायचा, हे नक्की ठरलंय.

गेल्या महिन्यात बॅचसाठी बावीस छोट्या जर्सींची ऑर्डर आली. द्यायला आला तो 98 च्या टीमचा कॅप्टन, आता त्याचा पोरगा बॅचला येतो. यावेळी पैसे रोख मोजले. मी वडिलांची जुनी वही काढून पुढं ठेवली. त्यानं पान वाचलं, वही मिटली आणि म्हणाला, "ते बक्षीस मिळाल्यावर."