मृत्यूच्या कारणाचा रकाना

दोह्यातील एका बांधकाम कंपनीच्या कर्मचारी विभागात मी नोकरीला होतो. एखादा कामगार दगावला की त्याची कागदपत्रे पूर्ण करून पार्थिव मायदेशी रवाना करणे हे माझ्याकडील कामांपैकी एक होते. सप्टेंबर २०१९च्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी पहाटे कॅम्प बॉसचा फोन आला. इंडस्ट्रियल एरियातील आमच्या लेबर कॅम्पमध्ये, साइटची बस निघण्यापूर्वी सोबती उठवायला गेले तेव्हा सळई बांधणारा एक कामगार खाटेवर मृतावस्थेत आढळला होता. तेलंगणातील निझामाबाद जिल्ह्याचा, जेमतेम तिशीचा हा माणूस भारतातून निघण्यापूर्वीच्या आणि कतारला पोहोचल्यानंतरच्या अशा दोन्ही वैद्यकीय तपासण्यांत तंदुरुस्त ठरलेला होता.

पोलीस आले, पंचनामा झाला, पार्थिव शवागारात गेले. दुपारपर्यंत आमचा मनदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतील कामे करणारा कंपनीचा प्रतिनिधी, वैद्यकीय दाखला घेऊन आला. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात हृदयक्रिया बंद पडल्याने नैसर्गिक मृत्यू, असे लिहिलेले होते. प्रत्येक माणसाची हृदयक्रिया मरताना बंदच पडते. ती का बंद पडली, याचे उत्तर त्या कागदावर नव्हते आणि शवविच्छेदनही झालेले नव्हते. गुन्ह्याचा संशय नसेल तर ते सहसा होतही नसे.

त्यानंतर मी त्याच्या थोरल्या भावाला फोन केला, कारण वारसाच्या संमतीपत्राशिवाय दूतावासाचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ते मिळून पासपोर्ट रद्द झाल्याशिवाय शवलेपन (पार्थिव टिकवण्यासाठीची रासायनिक प्रक्रिया) व विमानाचे बुकिंग पुढे सरकत नाही. त्यांचे गाव आमच्या नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगतचे असल्यामुळे त्यांना मराठी बोलता येत होते. बातमी त्यांना कॅम्पमधूनच कळली होती. ते म्हणाले, “सर, परवाच बोलला होता. डोकं लई दुखतंय, उलटी झाल्यासारखी होतीय, म्हणाला. त्याला हार्टचं काही नव्हतं. डॉक्टरांनी नीट तपासून बघितलं का?”

मी म्हणालो, “दादा, दाखल्यावर नैसर्गिक मृत्यू लिहिलंय. शवविच्छेदन झालेलं नाही.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “मग त्यांना कसं कळलं?”

या प्रश्नामुळे मी त्या दिवशी साइटची हजेरी आणि कामाच्या वेळांची नोंदवही मागवून घेतली. कतारमध्ये त्या काळी १५ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी साडेअकरा ते दुपारी तीनपर्यंत उघड्यावर काम करण्यास बंदी होती. १ सप्टेंबरला ती उठली आणि आमच्या साइटवर त्याच दिवसापासून भरदुपारचे काम पुन्हा सुरू झाले. मागे पडलेले काम भरून काढण्यासाठी वर जादा तासही लावण्यात आले. पण आखातातला उन्हाळा कॅलेंडर पाहून संपत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये समुद्रावरून येणारी दमट हवा इतकी कोंडते की घाम वाहतो, पण सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. केवळ पारा पाहून हा धोका कळत नाही. त्यासाठी आर्द्रता, ऊन आणि वारा एकत्र मोजणारा निर्देशांक लागतो आणि तो मोजण्याचे यंत्र आमच्या साइटवर नव्हते. नोंदवहीप्रमाणे हा कामगार बंदी उठल्यापासून रोज भरदुपारी उघड्यावर सळया बांधत होता आणि जादा तासांनाही हजर होता.

उष्माघाताने मृत्यू आला असेल, तर शवविच्छेदनातही त्याच्या ठळक अशा खुणा मिळतीलच असे नसते. निदान मुख्यतः मृत्यूसमयीचे शरीराचे तापमान आणि आधीची परिस्थिती यांवरून करावे लागते. तापमान घेण्याची वेळ टळून गेलेली असली तरी परिस्थितीचा पुरावा माझ्या टेबलावर होता. मी नोंदवहीच्या संबंधित पानांच्या प्रती आणि भावाने सांगितलेली लक्षणे जोडून, हा मृत्यू कामाशी संबंधित असण्याची शक्यता तपासावी, असे टिपण वरिष्ठांना दिले. संध्याकाळी ते टिपण परत आले. दाखला नैसर्गिक मृत्यूचा असल्याने अधिक कार्यवाहीची गरज नाही, असा त्यावर शेरा होता. त्या शेऱ्याचा अर्थ त्या घरासाठी फार मोठा होता, कारण मृत्यू कामामुळे झाला असे ठरले तरच कतारच्या कायद्याप्रमाणे वारसांना भरपाई मिळते. नैसर्गिक मृत्यू ठरला की राहिलेला पगार आणि ग्रॅच्युइटी एवढ्यावर हिशेब संपतो. तसा तो संपलाही.

त्याच महिन्याच्या २७ तारखेला दोह्यात जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धा सुरू झाली. महिलांची मॅरेथॉन उन्हामुळे रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सोडण्यात आली, आणि तरीही ६८ धावपटूंपैकी २८ जणींना ती अर्ध्यावर सोडावी लागली. त्या खेळाडूंसाठी मला मनापासून वाईट वाटले. परंतु उष्णता माणसाला काय करते हे आयोजकांना ठाऊक होते, म्हणून तर मध्यरात्र निवडली होती. कतारमधील २०२२चा फुटबॉल विश्वचषकही याच कारणाने २०१५ मध्येच जून-जुलैमधून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हलवण्यात आला होता. जी काळजी खेळाडूंच्या वेळापत्रकात घेतली गेली, ती त्याच शहरात सळया बांधणाऱ्यांच्या वेळापत्रकात का नसावी, हे मला कोणी समजावून सांगू शकलेले नाही.

माहिती नव्हती असेही नाही. कतार सरकारनेच नेमलेल्या डीएलए पायपर या विधी संस्थेने २०१४ मध्ये, अनपेक्षित आणि अचानक मृत्यूंमध्ये शवविच्छेदनाला मुभा देण्याची शिफारस केली होती. २०१९ मध्ये ‘कार्डिऑलॉजी’ या नियतकालिकात नेपाळी कामगारांविषयीचा अभ्यास आला, त्यात २००९ ते २०१७ या काळातील ५७१ हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी २०० पर्यंत मृत्यू उष्णतेपासून नीट संरक्षण मिळाले असते तर टळू शकले असते, असा अंदाज होता. २०२१ मध्ये ‘द गार्डियन’ने, विश्वचषकाचे यजमानपद मिळाल्यापासून दक्षिण आशियातील पाच देशांचे ६,५०० हून अधिक कामगार कतारमध्ये मरण पावल्याचे छापले. त्या आकड्यात सर्व व्यवसायांतील आणि सर्व कारणांचे मृत्यू आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण विश्वचषकाच्या आयोजकांनी त्या वेळी सांगितलेला ३७ हा आकडाही फक्त स्टेडियमच्या कामांवरील होता, आणि त्यांतीलही ३४ मृत्यू कामाशी संबंधित नाहीत असे ठरवले गेले होते. आमचे काम एका नव्या रस्त्याच्या पाण्याच्या वाहिनीचे होते. तो रस्ता विश्वचषकापूर्वी पूर्ण व्हायचा होता, तरीही आमचा कामगार त्या मोजणीत येण्याचा प्रश्नच नव्हता.

मे २०२१ मध्ये नियम बदलले. बंदी १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी झाली आणि आर्द्रता, ऊन आणि वारा एकत्र मोजणारा तो निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेला की कोणत्याही वेळी काम थांबवणे बंधनकारक झाले. हा नियम चांगला आहे आणि तो दोन वर्षे आधी असता, तर त्या आठवड्यात आमच्या साइटवर दुपारी काम चालले नसते.

आता २०३४चा विश्वचषक सौदी अरेबियात होणार आहे आणि तेथील कामांसाठी आपल्याकडूनही माणसे जातील. कर्मचारी विभागात काम करणाऱ्या माझ्या मराठी मित्रांना माझी विनंती आहे, की साइटवरचे हजेरीपट, कामाच्या वेळा आणि दिवसाची उष्णता-आर्द्रता यांच्या नोंदी रोजच्या रोज ठेवा आणि कामगार दगावल्यास त्यांच्या प्रती वारसांना मागण्यापूर्वीच द्या. घरच्यांनी संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी, मृत्यूचे कारण कशाच्या आधारे ठरवले, हे लेखी विचारावे. शवलेपन झाल्यानंतर अनेक खुणा नाहीशा होतात, त्यामुळे हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला पाहिजे.