मागचे शॉक आणि ‘ह्या गाडीचं असंच असतं’

माझी मोटरसायकल साडेतीनशे सीसीची. मागे दोन शॉक, दोन्हींना प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ह्याच्या, पाच खाचा; वरची खाच म्हणजे जास्त दाब. रोज मी एकटाच चालवतो आणि प्रत्येक गतिरोधकावर सीट खालून लाथ घालायची.

सर्व्हिसिंगला टाकताना जॉबकार्डवर लिहून घेतलं, ‘मागचे शॉक मऊ करणे’. संध्याकाळी त्यापुढे टिक होती, गाडी मात्र तशीच. विचारलं, तर उत्तर आलं, ‘‘सर, ह्या गाडीचं असंच असतं.’’ पुन्हा गेलो, तेव्हा ‘शॉक गेलेत’ म्हणून नव्या जोडीचं कोटेशनच हातात! अहो, तेलाचा टिपूस नाही, सीट दाबून सोडली की गाडी वर येऊन जागीच थांबते, डुलत नाही. मग गेलं काय? म्हटलं, खाच बदलायचा सी-पाना द्या, इथेच फिरवतो. टूल बाहेर देत नाहीत म्हणे. मेकॅनिक जेवायला गेलेला. वाट बघता बघता खाली वाकलो, तर डावा शॉक दुसऱ्या खाचेवर आणि उजवा चौथ्या! टिक कशाची होती ते तेव्हा कळलं. दोन्ही बाजू एकाच खाचेवर हव्यात, एवढं तरी पाळा की.

शेवटी नाना पेठेतून सी-पाना आणला. डबल स्टँडवर गाडी, कॉलरवरचा, म्हणजे खाचांच्या फिरत्या कड्यावरचा, चिखल ब्रशने काढला, दोन्ही शॉक दुसऱ्या खाचेवर. काम दहा मिनिटांचं. खाच उतरवताना कॉलर झटक्यात फिरते, बोटं सांभाळा.

खाच अंदाजाने ठरवू नका. चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून, म्हणजे चाकाच्या आसापासून, वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत मोजा, मग गाडी स्टँडवरून काढून, वर बसून पुन्हा मोजा. फरक मागच्या चाकाच्या एकूण वर-खाली हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका असावा. प्रीलोडने स्प्रिंग मऊ-कडक होत नाही, ती कुठून दबायला लागते एवढंच बदलतं.

पसरणी घाटात मी एक खाच वाढवतो. मागची बाजू उचलली जाते, गाडी वळणात चटकन पडते. तीच खाच शहरातल्या खड्ड्यांत एकट्याला नकोशी होते, चाक उडतं.

हो, आणि ह्या सगळ्याच्या आधी टायरमधली हवा बघा. जास्त हवेचे दणके लोक शॉकच्या नावावर खपवतात.

डबलसीट जाताना खाच वाढवाच. नाहीतर खड्ड्यात शॉक तळाला आदळतो आणि रात्री हेडलाइट रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो.