आप्पांचं सोडियम

मुलगा खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला, "वकीलसाहेब, त्या डॉक्टरला आत टाकायचंय." मागे सून, हातात गच्च भरलेली मेडिकलची पिशवी. तिच्या आडोशाला आप्पा, अंग चोरून. पारोळा तालुक्यातून सकाळच्या एसटीनं जळगावला आलेले.

म्हातारी गेल्यापासून आप्पांची झोप उडाली, जेवण तुटलं. एका डॉक्टरनं एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू केली. पंधरवडा व्हायच्या आत ते बरळू लागले, सुनेला मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागले. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही आहे. अंगारा झाला, लिंबू उतरवून झालं. मग एका पहाटे आकडी आली. दवाखान्यात रक्तातलं सोडियम निघालं ११४. असायला हवं १३५ ते १४५. ते घाईनं वर चढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून बरेच दिवस आयसीयूत गेले. बिलाचं तर विचारूच नका.

मी पिशवी टेबलावर उलटी केली. बीपीच्या गोळीची पट्टी वाचली: टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. यातलं दुसरं औषध लघवी वाढवणारं. ते सोडियम उतरवतं आणि नैराश्याची ही गोळीही उतरवू शकते. उतारवयात दोन्ही एकत्र आली की धोका वाढतो, हे डॉक्टरी पुस्तकांत जुनंच आहे.

मुलानं मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले होते. "कंपनीवरच केस ठोकू." अमेरिकेत २००४ मध्ये या गटातल्या औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला, हे खरं. पण तो लहान आणि किशोरवयीन मुलांमधल्या आत्महत्येच्या विचारांबद्दल होता. आप्पांचं दुखणं वेगळं. शिवाय आपल्या २०१९ च्या ग्राहक कायद्यात उत्पादकाची जबाबदारी आहे खरी, पण जे औषध डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचं, त्याची सूचना कंपनीनं डॉक्टरपर्यंत पोचवली असेल तर ती सुटू शकते. आणि सोडियमचा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात असतोच.

डॉक्टरला 'आत टाकणं'ही सोपं नाही. सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. ग्राहक आयोगात मात्र १९९५ पासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा येते. मुदत दोन वर्षं. नुसतं औषध बाधलं म्हणून दोष सिद्ध होत नाही; समंजस डॉक्टरनं जे विचारलं-तपासलं असतं ते झालं का, एवढंच तिथे पाहतात.

म्हणून मी केस पेपर शोधत होतो. सुनेनं तो पिठाच्या डब्यात जपला होता. त्यावर वर, कोपऱ्यात: 'बीपी, औषध सुरू'. बस. कोणतं औषध, ते नाही. रक्ततपासणी नाही. फेरतपासणीची तारीख नाही. मला तर तीन पानांच्या डिस्चार्ज कार्डपेक्षा ती ओळ मोलाची वाटली. पूर्ण रेकॉर्ड मागणारा अर्ज त्याच दुपारी टाइप केला. मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यायचं असतं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या सरकारी हेल्पलाइनवर, १८००-१८०-३०२४ वर, कळवायलाही सांगितलं. त्यानं भरपाई मिळत नाही, नोंद होते.

एवढ्यात आप्पा पहिल्यांदा बोलले. "माले कोर्ट नको, भाऊ. रातले नीज कशी लागी, ते सांग."

मुलगा चिडला, पण म्हातारा बरोबर होता. गोळी बंद झाली होती, दुखणं गेलं नव्हतं. मी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीचा दिवस लिहून दिला आणि बजावलं, सगळ्या पट्ट्या बरोबर न्या, मनानं काही सुरू करू नका, काही बंदही करू नका.

नोटीस गेली. डॉक्टरांच्या वकिलाचं उत्तर आलंय: बीपीची गोळी कोणती, हे नातेवाइकांनी सांगितलंच नाही. सून म्हणते, "पट्टी मी स्वतः त्यांच्या टेबलावर ठेवली होती. बघून परत दिली त्यांनी." तिचं शपथपत्र लिहायला घेतलंय.