सागाचा तांबेरा: चौथ्या आठवड्यात एक काप जमला

सागाच्या पानावरचा तांबेरा आतून कसा दिसतो ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला पानाचे पातळ काप घेतोय. आधी कबुली. मागच्या नोंदीत पानाखालचे बारीक लाल ठिपके म्हणजे बुरशी, असं छातीठोक लिहिलं होतं. ते मागे घेतो. निरोगी पानावरही ते असतात. सागाचं पान चोळलं की बोटं लाल होतात, ती त्या झाडाचीच करामत. पंधरा दिवस गेले त्यात.

खरा तांबेरा म्हणजे ओलिव्हिया टेक्टोनी ही बुरशी. पानाच्या खालून शेंदरी-पिवळी भुकटी, बोटाला लागणारी. धुऱ्यावरच्या मोठ्या झाडांवर तुरळक आहे, पण गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांची खालची पानं भरून गेलीत. शेजारचे काका म्हणाले, "पानाले काय पाहून राहिला बे रोज? गळणारच हाये ते." गळणार हे खरं, पण तांबेऱ्यानं वेळेआधी गळतं.

कापाचं तंत्र: गाजरात धरलेलं पान दर वेळी घसरत होतं. ज्वारीच्या धांड्यातल्या पांढऱ्या भेंडात चीर पाडून पानाची पट्टी बसवली, नवं ब्लेड घेतलं आणि एका ओढीत कापलं. वीसेक कापांतला एक कामाचा निघाला. पाण्यात ठेवला तर बीजाणू, म्हणजे त्या शेंदरी भुकटीचे कण, तरंगून निघून गेले. ग्लिसरीनच्या थेंबात टिकले. सॅफ्रानिन हा लाल रंग लावू नका, शेंदरी रंग त्यातच बुडतो. एक काप तरी बिनरंगाचा ठेवा.

चारशे पटीत जे दिसलं त्यासाठी हा सगळा खटाटोप. निरोगी कापात वर खांबासारख्या पेशींची दाट हिरवी रांग, खाली मोकळ्या जागा सोडून बसलेल्या स्पंजी पेशी. रोगट कापात त्या मोकळ्या जागाच बुरशीच्या तंतूंनी बुजल्यात. खालची बाह्यत्वचा फाटलीय, कडा उचलल्यात आणि फटीतून काटेरी सालीच्या बीजाणूंचा ढीग बाहेर आलाय. त्याच्या बरोबर वरच्या खांबपेशी तपकिरी होऊन चिपल्यात. म्हणजे वरचा करडा डाग आणि खालची शेंदरी भुकटी हे दोन रोग नव्हेत, एकाच जखमेची दोन तोंडं आहेत. तांबेरा पेशीत शोषकं, म्हणजे अन्न ओढून घेणारे फाटे, घालून जिवंत पेशीवरच जगतो. ती शोषकं मात्र माझ्या कापात दिसली नाहीत.

काहींनी ओकच्या झाडावरच्या भुरीचे काप पाहिले असतील, इरिसायफी अल्फिटॉइडिसचे. 1907 च्या सुमारास युरोपभर गाजलेली बुरशी. ती पानावर पांढरी पसरते आणि शोषकं फक्त बाह्यत्वचेच्या पेशींत घालते, आतल्या थरांत शिरत नाही. तांबेऱ्याचं बिऱ्हाड थेट आत. भुरी सागावरही येते. तसं पान मिळालं की दोन्ही काप एकाच काचपट्टीवर लावीन.

पुढचा काप अजून न फुटलेल्या पिवळ्या ठिपक्याचा. त्वचा फाटण्याआधी आत किती भरलंय ते पाहायचंय, आणि पानगळ तोंडावर आलीय. पान त्याच दिवशी कापा, वाळलेलं भेंडातच चुरा होतं.