गुजरीतलं सोनं आणि दाजींचा दगड

अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळा झाला, तांबडा-पांढरा तर झालाच, त्यावर सगळ्यांनी भरपूर लिहिलंय. वीकेंडला देवळाबाहेरची गर्दी मला सोसत नाही, एवढंच सांगतो. लिहायला बसलोय ते दाजींच्या शोकेसमधल्या दगडासाठी.

दाजी म्हणजे मावसबहिणीचे मिस्टर, नोकरी सगळी मध्य प्रदेशात मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर झाली. दुपारी ताईबरोबर गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, सोन्याचे भाव ऐकून आलो होतो आणि चहा झाल्यावर दाजींनी एक पिवळाधमक दगड हातात ठेवला. "बघा की, सोनंच वाटतंय न्हवं?" खरंच वाटत होतं. मग त्यांनी बाथरूमची उरलेली टाइल आणली, तिच्या मागच्या खरबरीत बाजूवर दगड घासला, तर रेघ उमटली हिरवट काळी! सोन्याची पिवळीच उमटते. चाकूचं टोक ओढलं तर ओरखडा उठला, नुसता पायराइट, म्हणजे सोन्यासारखंच दिसणारं लोखंड-गंधकाचं खनिज असतं, तर चाकूला दाद दिली नसती म्हणाले. एका कडेला हवा लागून निळी-जांभळी झाक आलेली, ती बघत मी बराच वेळ दगड फिरवत बसलो.

हा कॅल्कोपायराइट, तांबं, लोखंड आणि गंधक यांचा. जगातलं बरंचसं तांबं यातूनच निघतं. शुद्ध खनिजात वजनाने 34.6 टक्के तांबं, पण खाणीतल्या खडकात बऱ्याचदा एक टक्कासुद्धा भरत नाही, म्हणून खडक दळायचा, पाण्यात फेस काढून फेसाबरोबर खनिज वर आणायचं, मग भट्टी, मग विजेने शुद्ध करायचं, तेव्हा कुठे 99.99 टक्के तांबं. भट्टीतला गंधकाचा वायूसुद्धा सोडत नाहीत, त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात आणि सुपर फॉस्फेट खताला ते लागतं. "पंचगंगेवरच्या पंपाचं वाइंडिंग तांब्याचं, द्राक्षावर मारतात ते मोरचूद तांब्याचं, आन् दगड कुणी बघितलेला नसतोय," दाजी कळवळून बोलत होते.

दुसऱ्या दिवशी टाऊन हॉल म्युझियमला गेलो. कोल्हापुरातच ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, रोमन मूर्ती, कांस्याची, म्हणजे तांब्यात कथील मिसळून केलेली. एवढीशी मूर्ती, पण समुद्र ओलांडून आपल्या कोल्हापुरात आलेली, भारी वाटतं. मला मनापासून वाटतं की तिच्या शेजारी तांब्याच्या खनिजाचा एक तुकडा आणि एक खरबरीत टाइल ठेवावी, शाळेच्या सहलीतल्या पोरांना स्वतः रेघ ओढू द्यावी.